मोटरहोम डुलते, ओढते, हलकी लागते: स्टिअरिंग सुधारण्याचा योग्य क्रम

मिनीबस किंवा व्हॅनच्या चेसिसवर (सांगाड्यावर) बांधलेली मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेली की डुलू लागते, शेजारून ट्रक गेला की बाजूला ढकलली जाते आणि ड्रायव्हरला स्टिअरिंग सारखे सावरत बसावे लागते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मालकांनी आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतलेले असते, काहींनी तर दोन-तीन वेळा. तरीही दोष जात नाही, कारण अलाइनमेंट हे या कामातले जवळजवळ शेवटचे पाऊल आहे. ढिल्या सांध्यांवर, चुकीच्या हवेवर आणि रिकाम्या गाडीवर केलेले अलाइनमेंट गाडी सामानाने भरून घाटाला लागेपर्यंतही टिकत नाही.

येथे दिलेला क्रम वजन, टायर, सांधे, पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग) व शॉकअप, अलाइनमेंट, रस्त्यावरची चाचणी आणि सर्वांत शेवटी जादा बसवायचे भाग असा आहे. हा क्रम मोडू नये. पुढे इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि मागे पाट्यांचे सस्पेन्शन असलेली, आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी गाडी गृहीत धरली आहे.

## तयारी

गाडी प्रवासाला निघताना जशी भरलेली असते तशीच भरावी. पाण्याची टाकी, डिझेल, गॅस, भांडी, अंथरुणे, स्टेपनी, खुर्च्या, सगळे आपापल्या जागी असावे. सर्वाधिक चुका येथेच होतात. गॅरेजमध्ये न्यायची म्हणून गाडी रिकामी केली जाते आणि पुढची सगळी मापे एका वेगळ्याच गाडीची निघतात.

हवा मोजण्याचे स्वतःचे मीटर, मोजपट्टी, खडू, चांगला टॉर्च, चाकांना लावायचे लाकडी ठोकळे, जॅक, गाडी टेकवण्यासाठी मजबूत स्टँड, वही आणि एक मदतनीस एवढे जवळ असावे. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या मीटरवर या कामासाठी विसंबू नये.

काम सुरू करण्यापूर्वी तक्रार नेमक्या शब्दांत लिहून काढावी. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर टायर, ब्रेक किंवा अलाइनमेंटकडे पाहावे लागते. ती दोन्हीकडे भटकत असेल तर वजनाची विभागणी, ढिले सांधे किंवा मागच्या ॲक्सलचे (चाकांच्या आसाचे) बुश (जोडावरची अस्तरे) तपासावे लागतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल तर कुठेतरी जाम आहे किंवा कास्टर (पुढचे चाक ज्या आसावर वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी आहे. ठराविक वेगालाच थरथर येत असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. ‘गाडी बरोबर चालत नाही’ एवढ्यावर कोणताही मेकॅनिक अंदाजानेच काम करणार.

## टप्पा १: वजनकाट्यावर जा

खडी-वाळूच्या खाणीजवळ, साखर कारखान्याबाहेर किंवा बाजार समितीच्या आवारात वजनकाटा असतो. तेथे तीन वजने घ्यावीत. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग संपूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. ड्रायव्हर आणि नेहमीचे प्रवासी आपापल्या जागी बसलेले असावेत. पुढचे आणि मागचे वजन मिळून एकूण वजनाच्या जवळपास आले पाहिजे. मोठा फरक पडल्यास काट्याच्या आजूबाजूची जमीन समपातळीत नाही असे समजून पुन्हा मोजावे. काट्याच्या कडेला सपाट जागा असेल तर डावी आणि उजवी बाजूही वेगवेगळी मोजून घ्यावी.

आता हे आकडे चेसिसच्या प्लेटवरील मर्यादांशी ताडून पाहावेत. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर असतो, असे मोटरहोममध्ये वारंवार आढळते. मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवलेले वजन तरफेसारखे काम करते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ३.३५ मीटर असलेल्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर १३० किलो येतात आणि पुढच्या ॲक्सलवरून ३० किलो उचलले जातात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके आणि बधिर लागते, पावसात वळणावर पकड सुटते, आणि ड्रायव्हर दोष मात्र स्टिअरिंग बॉक्सला देतो.

माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झाले होते. गाडी बांधणाऱ्याने दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, मिळून सुमारे ११० किलो, मागच्या दाराशी, ॲक्सलच्या १.१ मीटर मागे बसवल्या होत्या. वर्षभर मी अलाइनमेंट आणि टायर यांवर खर्च करत राहिलो. शेवटी बॅटऱ्या ड्रायव्हरच्या सीटमागच्या बाकाखाली, पुढच्या ॲक्सलपासून ०.९ मीटरवर आणल्या. एवढ्या एका बदलाने पुढच्या ॲक्सलवर ११६ किलोंची भर पडली. गाडीतला दुसरा कोणताही भाग त्या दिवशी बदलला नव्हता, तरी परतीच्या वाटेवर स्टिअरिंग हातात वजनदार आणि स्थिर लागत होते.

सामान लावताना जड वस्तू खाली आणि दोन ॲक्सलच्या मध्ये येतील असे पाहावे. टपावर स्टेपनी, पाण्याची टाकी किंवा डिझेलचे कॅन ठेवू नयेत, कारण उंचावरचे वजन गाडीला वळणावर कलवते. पाण्याची टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला आले असतील तर बॅटरी आणि हत्यारांची पेटी दुसऱ्या बाजूला न्यावी.

सावधान: १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. २०० लिटरची अर्धी भरलेली टाकी वळणावर १०० किलो पाणी एका बाजूला फेकते. टाकीत पाण्याला अडवणारे आडवे पडदे नसतील तर घाटापूर्वी ती पूर्ण भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करावी.

पडताळणी: सामान हलवल्यानंतर पुन्हा वजन करावे. दोन्ही ॲक्सल मर्यादेत आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

## टप्पा २: टायर आणि हवा

मोटरहोमचा टायर झिजून नव्हे, तर उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो. नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी बाजूच्या भिंतीवरचा चार अंकी शिक्का वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. सहा वर्षे ओलांडलेला किंवा भिंतीवर बारीक भेगा पडलेला टायर मी पुढच्या ॲक्सलवर ठेवत नाही.

त्यानंतर वजनाचा निर्देशांक पाहावा. १०९ म्हणजे त्या टायरची क्षमता १०३० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. ११२/११० असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. काट्यावर मिळालेले ॲक्सलचे वजन आणि हा निर्देशांक जुळतो का, हे कागदावर मांडूनच पाहावे. प्रवासी कारचा टायर मापात बसतो म्हणून लावणे ही जिवाशी खेळणारी चूक आहे.

हवा थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर भरावी. किती भरायची ते गाडी किंवा टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून, प्रत्यक्ष ॲक्सलच्या वजनानुसार ठरवावे. ‘वजन जास्त आहे, दहा पॉइंट वर भरा’ हा सल्ला पुढच्या टायरला घातक ठरतो. गरजेपेक्षा कडक टायरचा रस्त्याशी संपर्क कमी होतो आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर दिशा बदलू पाहते. हवा कमी असेल तर टायरच्या भिंती वाकतात, टायर तापतो आणि फुटतो. मागे जोडचाके असतील तर आतल्या टायरची हवा हमखास राहून जाते आणि दोन टायरांमध्ये अडकलेला दगडही कोणी पाहत नाही.

सावधान: चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो बरोबर करण्यासाठी हवा सोडू नये. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो.

झीज हाताने वाचता येते. मधली नक्षी जास्त झिजली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, एकच कड झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर कललेला कोन) किंवा टो (वरून पाहता दोन्ही चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) बिघडलेला. तळहात नक्षीवरून आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो चुकला आहे. मध्येच खळगे जाणवले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग पाहावे.

## टप्पा ३: सांधे, बेअरिंग आणि स्टिअरिंग बॉक्स

या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे द्यावेत आणि पुढची चाके जमिनीवरच राहू द्यावीत. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे. मदतनीसाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे, एखाद्या तळहाताइतके, हलवत राहावे. आपण पिटमन आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर येणारा दांडा) सुरुवात करून ड्रॅग लिंक (तेथून चाकाकडे जाणारी दांडी), टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) आणि चाकाजवळचा आर्म असा प्रत्येक सांधा क्रमाने पाहत जावे.

नुसते पाहून भागत नाही. कोल्हापूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी मला दाखवलेली पद्धत अशी की, अंगठा आणि तर्जनी सांध्याच्या दोन भागांवर एकाच वेळी ठेवायची. सांधा घट्ट असेल तर दोन्ही भाग बोटांखाली एकदमच सरकतात. ढिला असेल तर एक भाग निघतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग बारीकशी ‘टक्’ बोटाच्या पेरात जाणवते. ती टक् कानाला ऐकू येत नाही. रस्त्यावर ताशी ८० च्या वेगात गाडी भटकते ती याच मोकळ्या क्षणामुळे.

नंतर जॅक लावून पुढचे एकेक चाक उचलावे आणि ॲक्सलखाली स्टँड द्यावा. चाक वर-खाली धरून हलवल्यास ढिलेपणा जाणवला तर दोष किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळते ती), बॉल जॉइंट (तेच काम करणारा गोल सांधा) किंवा बेअरिंगचा आहे. मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर बेअरिंग, आणि तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट. चाक डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर प्ले (मोकळी हालचाल) लागत असेल तर टाय रॉड एंड पाहावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८व्या नियमानुसार स्टिअरिंगचा मोकळा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १२ सेंटिमीटर होतात. ही कायद्याची बाहेरची सीमा झाली. एवढा प्ले असलेली उंच गाडी आडव्या वाऱ्यात सरळ ठेवणे फार कठीण आहे. दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलेला प्ले मी शोधून काढल्याशिवाय राहत नाही.

सावधान: सांधे तपासण्याआधी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू नये. प्ले दुसऱ्या सांध्यात असताना बॉक्स आवळला की स्टिअरिंग मध्यावर अडकते आणि वळणानंतर परत येत नाही. घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर यामुळे थेट अपघात होऊ शकतो.

फाटलेली रबरी टोपी आढळली तर तो सांधा बदलावा, कारण आत पाणी आणि माती गेलेली असते. किंगपिनला ग्रीस भरताना ॲक्सल उचलून धरावा, म्हणजे ग्रीस भार येणाऱ्या बाजूपर्यंत पोहोचते, आणि जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. कोकणातला पावसाळा काढलेल्या गाडीचे ग्रीसिंग दिवाळीपूर्वी झालेच पाहिजे.

## टप्पा ४: पाटे, बुश आणि शॉकअप

चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या सरळ उभ्या रेषेत, जमिनीपासून चाकावरच्या बॉडीच्या कडेपर्यंतची उंची चारही चाकांवर मोजावी. एक बाजू बसलेली आढळली आणि वजन दोन्ही बाजूंना सारखे असेल, तर पाटा थकला आहे किंवा तुटला आहे. तुटलेल्या पाट्यावर बारीक चकचकीत रेघ दिसते. पाटा ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टभोवती तांबूस भुकटी जमलेली असेल तर तो ढिला आहे.

पाट्यांचा मधला बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी चालते. पुढची चाके सरळ ठेवून पुढच्या हबपासून (चाकाच्या मध्यापासून) मागच्या हबपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. फरक ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर कारण शोधावे. मागच्या पाट्यांचे बुश झिजले असतील तर मागचा ॲक्सल स्वतःच दिशा बदलत राहतो आणि ड्रायव्हरला वाटते की पुढचे स्टिअरिंग ढिले आहे. पुढचे सगळे भाग नवे घालूनही डुलणे न गेलेल्या गाड्यांमध्ये हा दोष मी अनेकदा पाहिला आहे.

एवढ्या जड गाडीत बंपर दाबून शॉकअप तपासता येत नाहीत. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा किलोमीटर जाऊन लगेच चारही शॉकअपना काळजीपूर्वक हात लावावा. काम करणारा शॉकअप कोमट झालेला असतो, जो थंडच राहिला तो मेलेला आहे. तेल गळत असेल तर तपासणीची गरजच नाही. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत.

सावधान: मागची बाजू बसते म्हणून विचार न करता जादा पाटे घालू नयेत. मागची बाजू गरजेपेक्षा वर उचलली गेली की पुढचा कास्टर कमी होतो आणि गाडी सरळ चालण्याचा स्वभाव गमावते. आधी वजन कमी करावे, पुढे सरकवावे आणि मगच पाट्यांचा विचार करावा.

## टप्पा ५: अलाइनमेंट

आता अलाइनमेंटच्या दुकानात जावे, आणि गाडी भरलेलीच न्यावी. दुकानदार पाणी काढून टाका म्हणाला तरी काढू नये. जड वाहनांचे अलाइनमेंट करणारे दुकान निवडावे, कारण कारच्या रॅम्पवर मोटरहोम बसली तरी तेथील माणसाला घन ॲक्सलचा (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकसंध आसाचा) सराव असेलच असे नाही.

नुसता ‘टो’ बघून गाडी परत देऊ नका, टो, कॅम्बर आणि कास्टर या तिन्ही कोनांचा छापील कागद हवा, असे स्पष्ट सांगावे. टो बाहेर उघडलेला असेल तर गाडी भटकते. कास्टर हा चाकाला सरळ रेषेत परत आणणारा कोन आहे, आणि मोटरहोमच्या बाबतीत तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. पुढे पाटे आणि घन ॲक्सल असेल तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पट्टी बसवून कास्टर दुरुस्त करता येतो. कोन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच ठेवावा.

पडताळणी: सरळ चालताना स्टिअरिंगचे आरे सरळ असावेत. ते तिरके असतील तर स्टिअरिंग काढून पुन्हा बसवण्याचा सोपा मार्ग दुकानदाराला स्वीकारू देऊ नये. टाय रॉड आणि ड्रॅग लिंकची लांबी योग्य करूनच ते मध्यावर आणावे, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा मध्य आणि चाकांचा मध्य एकच राहतो.

## टप्पा ६: रस्त्यावरची चाचणी

सकाळी लवकर, मोकळा आणि कोरडा रस्ता निवडून आधी ताशी ४०, मग ६०, मग ८० अशा वेगांनी चालवावे. हात स्टिअरिंगवरच ठेवावेत, फक्त पकड सैल करावी. आपल्याकडे रस्त्याचा उतार डावीकडे असतो, त्यामुळे गाडी हळूहळू डावीकडे जाणे स्वाभाविक आहे. मधून सपाट असलेल्या रस्त्यावर पाहूनच ओढण्याचा निष्कर्ष काढावा. ताशी ४० वरून ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला गेली तर दोष ब्रेकचा आहे आणि तो आधी काढला पाहिजे. खड्ड्यातून गेल्यावर पुढची चाके जोरात थडथडू लागली तर चाचणी तेथेच थांबवून तिसऱ्या टप्प्याकडे परत यावे.

चाके काढली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासावेत.

## टप्पा ७: जादा भाग

अँटिरोल बार (गाडीचे कलणे कमी करणारी दांडी), स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा भाग), हवेचे मदतनीस स्प्रिंग हे भाग चांगल्या गाडीला अधिक चांगले करतात, बिघडलेल्या गाडीला दुरुस्त करत नाहीत. डॅम्परमुळे ढिल्या टाय रॉडची थरथर काही महिने जाणवेनाशी होते, पण तो काळ सांधा निखळून पडण्याच्या दिशेने मोजला जात असतो. म्हणून पहिले सहा टप्पे पूर्ण झाल्याशिवाय डॅम्पर बसवू नये. वळणावर कलणे हीच खरी तक्रार उरली असेल तर अँटिरोल बारचा उपयोग होतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घ्यावे, कारण अपघातानंतर विमा कंपनी हाच प्रश्न विचारते.

## दुरुस्तीनंतरचे चालवणे

उंच सपाट बॉडीवर आडवा वारा शिडासारखा बसतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा खाडीवरच्या पुलावर येण्याआधीच वेग कमी करावा. ताशी ८० ऐवजी ६० ने गेल्यास थांबण्याचे अंतर जवळपास निम्म्यावर येते आणि वाऱ्याचा धक्का सावरायला वेळ मिळतो. द्रुतगती मार्गावर मोठी बस आपल्याला ओलांडून जाताना गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि नंतर आत ओढली जाते. दोन्ही वेळा स्टिअरिंगला झटका देऊ नये, फक्त घट्ट धरावे.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये आणि इंजिन तर कधीच बंद करू नये. इंजिन बंद झाले की पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन्हींची मदत जाते. आंबा किंवा आंबेनळी घाटात ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरावे. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. तीव्र वळणावर गाडीचा मागचा लांब भाग बाहेर फेकला जातो. नियमानुसार तो चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, त्यामुळे कठड्याला किंवा समोरून येणाऱ्या दुचाकीला तो लागेल का हे आरशात पाहावे.

पुढचा टायर फुटला तर ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, ॲक्सिलेटरवरचा पाय एकदम न काढता हळूहळू उचलावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि मगच कडेला घ्यावी. ही कृती घरातल्या प्रत्येक ड्रायव्हरकडून उभ्या गाडीत बसून, मोठ्याने बोलत, दहा-बारा वेळा करून घ्यावी.

ॲक्सलची वजने, थंड टायरची हवा, चारही उंची आणि अलाइनमेंटचे कोन एका कागदावर लिहून ड्रायव्हरच्या दाराच्या आत चिकटवावेत. दर सहा महिन्यांनी, आणि सामानाची मांडणी बदलली तर लगेच, हे आकडे पुन्हा घ्यावेत.